ऑस्ट्रियात जन्मलेले, खडकीत टिकलेले काडतूस

रायफलींची तुलना करताना नळीची लांबी, वजन, नेमाची अचूकता आणि बनावटीचा देश यांची चर्चा प्रथम होते आणि काडतुसाचा विचार मागाहून येतो. वस्तुतः रायफल ही काडतुसाभोवती रचलेली वस्तू आहे. कोणत्या मापाचे काडतूस तिच्यात बसते, ते कोण बनवते, कोणत्या दुकानात मिळते आणि कायदा ते कोणाला विकू देतो, यांवरच तिचे आयुष्य अवलंबून असते. भारतात याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे .३१५ बोअरचे काडतूस. १८९० मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यासाठी ते सिद्ध झाले, त्या साम्राज्याबरोबर युरोपात मागे पडले, आणि पुण्याजवळच्या खडकी येथील दारूगोळा कारखान्यामुळे भारतीय परवानाधारकांच्या हाती मात्र टिकून राहिले. त्याच्या बरोबरीची किंवा त्याच्याहून सरस अशी काडतुसे जगात उपलब्ध असताना हेच का टिकले, हे समजून घेण्यासाठी थोडे मापांचे, थोडे इतिहासाचे आणि बरेचसे कायद्याचे ज्ञान लागते.

काडतुसाचे चार भाग असतात. पुढे शिशाची, बहुधा तांब्याच्या मिश्रधातूचे आवरण असलेली गोळी. तिच्यामागे पितळेची पुंगळी. पुंगळीत भरलेली दारू. आणि पुंगळीच्या बुडाशी बसवलेली, आघाताने पेट घेणारी छोटी टोपी. चाप ओढला की टाचणी टोपीवर आदळते, दारू पेटते, वायूच्या दाबाने गोळी पुढे सरकते आणि नळीच्या आतील पिळदार चऱ्यांमुळे स्वतःभोवती फिरू लागते. या फिरण्यामुळेच ती हवेत न कोलमडता सरळ जाते. पुंगळी जेथे बसते त्या नळीच्या मागच्या भागाला चेंबर म्हणतात. चेंबरचे माप पुंगळीच्या बाह्याकाराशी मिलिमीटरच्या छोट्या अंशापर्यंत जुळावे लागते, म्हणून ‘साधारण सारखे’ काडतूस चालवून घेण्याची सोय या क्षेत्रात नाही.

बोअर सांगणारे आकडे मात्र या बाबतीत बरेच फसवे आहेत. चऱ्या कोरल्यावर नळीत उंच पट्ट्या आणि खोल खोबणी तयार होतात. काही नावे समोरासमोरच्या पट्ट्यांमधील अंतरावरून पडली, तर काही खोबणींमधील अंतरावरून. .३०३ इंच हे पट्ट्यांमधील अंतर असून त्या रायफलीची गोळी प्रत्यक्षात सुमारे .३११ इंच व्यासाची असते. .३१५ इंच म्हणजे ८ मिलिमीटर, पण तिची गोळी सुमारे .३२३ इंचांची. ७.६२ मिलिमीटर म्हणजे .३० इंच, आणि त्या नळीतून जाणारी नाटो पद्धतीची गोळी .३०८ इंचांची. रशियन पद्धतीच्या ७.६२ ची गोळी आणखी किंचित जाड असते. म्हणून काडतुसाची नेमकी ओळख पटवण्यासाठी व्यासाबरोबर पुंगळीची लांबीही सांगावी लागते: ७.६२ गुणिले ५१ हे नाटोचे, ७.६२ गुणिले ३९ हे कलाश्निकोव्हचे. दोघांनाही ‘सात बासष्ट’ म्हटले जाते आणि दोन्ही भारतीय सैन्याच्या वापरात आहेत, तरीही एकाचे काडतूस दुसऱ्याच्या रायफलीत चालत नाही. ऑस्ट्रियाच्या ८ गुणिले ५० या काडतुसाला फ्रान्सच्या लेबेल रायफलीचा जवळजवळ त्याच आकड्यांचा एक भाऊबंद आहे. त्याची पुंगळी बुडाशी बरीच रुंद असल्याने तोही परका ठरतो.

भारताच्या संदर्भात तुलना करण्याजोगी काडतुसे तीन: .३०३, .३१५ आणि .३०-०६. पहिले ब्रिटिश सैन्याने १८८८ मध्ये स्वीकारले. आरंभी त्यात काळी दारू होती, थोड्याच वर्षांत तिची जागा कॉर्डाइट या धूर न करणाऱ्या दारूने घेतली. १९१० मध्ये त्याला टोकदार, १७४ ग्रेन वजनाची गोळी मिळाली. ग्रेन हे गोळीचे वजन मोजण्याचे जुने एकक असून १५.४ ग्रेन म्हणजे एक ग्रॅम. त्या हिशेबाने ही गोळी सुमारे ११.३ ग्रॅमची होते आणि नळीतून सेकंदाला सुमारे ७४४ मीटर वेगाने बाहेर पडते. दुसऱ्याची, म्हणजे .३१५ ची, मूळ ऑस्ट्रियन लष्करी गोळी बोथट नाकाची, २४४ ग्रेन अथवा १५.८ ग्रॅमची आणि वेग सुमारे ६२० मीटर. तिसरे अमेरिकेचे; .३० बोअर आणि १९०६ साल यांवरून त्याला .३०-०६ हे नाव पडले. त्याची दुसऱ्या महायुद्धकाळातील लष्करी गोळी सुमारे ९.८ ग्रॅमची आणि वेग ८५५ मीटरच्या आसपास.

गोळीची ऊर्जा तिच्या वजनाच्या व वेगाच्या वर्गाच्या गुणाकाराच्या निम्मी असते. या सूत्राने .३१५ ची ऊर्जा सुमारे ३,००० ज्यूल, .३०३ ची ३,१०० आणि .३०-०६ ची ३,६०० ज्यूल येते. नळीच्या तोंडाशी पहिल्या दोघांत फरक जवळपास नाहीच आणि तिसरे त्यांच्यापेक्षा सुमारे सहाव्या-पाचव्या हिश्शाने पुढे आहे. शेतात शिरलेल्या रानडुकराला शंभर मीटरांच्या आत गोळी घालताना हा फरक कोणाच्या लक्षात येणार नाही. अंतर दोनशे-तीनशे मीटरपर्यंत वाढले म्हणजे मात्र .३१५ ची जड, संथ आणि बोथट गोळी हवेत वेग लवकर गमावते, तिचा मार्ग अधिक वाकतो आणि नेम धरणाऱ्याला अंतराचा अंदाज काटेकोर बांधावा लागतो; .३०-०६ ची गोळी तेवढ्या अंतरात बरीच सपाट जाते. गुणांवर निवड करायची झाल्यास .३०-०६ पहिले, .३०३ दुसरे आणि .३१५ तिसरे, असा क्रम बहुतेक जाणकार लावतील. भारतात नागरी वापरात सर्वाधिक रुजले ते मात्र या क्रमातले शेवटचे.

कारण येथे निवड पहिल्यापासून शासनाने केली. १८५७ च्या उठावाला निमित्त झाले तेही एक काडतूसच होते: एनफील्ड रायफलीचे, चरबी लावलेल्या कागदी वेष्टनाचे. त्या वर्षानंतर भारतीयांच्या हाती कोणते शस्त्र आणि कोणता दारूगोळा असावा, हा ब्रिटिश सत्तेच्या दृष्टीने कायमचा चिंतेचा विषय झाला. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ मध्ये शस्त्र कायदा आला. त्यापाठोपाठ जो विचार रूढ झाला तो साधा होता: सैन्याच्या कोठारातून चोरीला गेलेले काडतूस खासगी बंदुकीत बसता कामा नये. सैन्याच्या मार्टिनी-हेन्री रायफलीचे काडतूस .४५० बोअरचे असल्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभी त्या बोअरची शिकारी काडतुसेही भारतात आणि सुदानात निषिद्ध झाली. लंडनच्या बंदूक कारागिरांनी त्यावर उपाय म्हणून हत्ती-गव्यांच्या शिकारीसाठी .४६५ आणि .४७० अशी जवळची, पण कायद्याच्या कक्षेबाहेरची नवी मापे काढली. हॉलंड अँड हॉलंडचे .५००/४६५ हे काडतूस १९०७ मध्ये याच कारणाने बाजारात आले. भारतातील एका प्रशासकीय बंदीने जगभरच्या शिकारी शस्त्रांच्या यादीत कायमची भर घातली, ही गोष्ट शस्त्रांच्या इतिहासात विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे.

.३०३ सैन्याचे, म्हणून तेही नागरिकांना वर्ज्य होते. परंतु मळेवाले, वनाधिकारी, संस्थानिक आणि जमीनदार यांना मध्यम ताकदीची, फार महाग नसलेली रायफल हवी होती. ऑस्ट्रियाचे ८ मिलिमीटर काडतूस या गरजेला सोयीचे होते. त्याच्या पुंगळीच्या बुडाला .३०३ प्रमाणेच बाहेर आलेली कडा आहे आणि तिचा व्यासही जवळपास तेवढाच आहे. त्यामुळे ली-एनफील्ड पद्धतीच्या, बोल्ट मागेपुढे ओढून काडतूस भरण्याच्या यंत्रणेत फारसा फेरफार न करता ते वापरता येत असे. इंग्लंडच्या बीएसए कंपनीने तशा रायफली भारतासाठी बनवल्या, आणि स्वातंत्र्यानंतर बंगालमधील इशापूरच्या रायफल कारखान्याने .३१५ ची ‘स्पोर्टिंग रायफल’ त्याच परंपरेत पुढे चालवली. बाहेरून पाहणाऱ्याला ती पोलिसांच्या ‘थ्री नॉट थ्री’ची बहीणच वाटावी इतके साम्य दोघींत आहे, अंतर आहे ते चेंबरमध्ये.

या काळात काडतुसांची मागणी ज्या भागांतून येई, त्या भागांचे हवामानही उपलब्धतेच्या प्रश्नाशी जोडलेले होते. ब्रिटिश सैन्याला भारतात असे आढळले की पावसाळ्यात साठवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांना, कोणी हात लावलेला नसतानाही, बारीक तडे जातात. ऋतूशी संबंध दिसल्यामुळे या दोषाला ‘ऋतुभंग’ अशा अर्थाचे नाव मिळाले. १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून त्याचे खरे कारण स्पष्ट झाले. पुंगळी थंड अवस्थेत ओढून घडवताना पितळेत ताण शिल्लक राहतो, आणि हवेतील ओलाव्याबरोबर अमोनिया वायू लागला की त्या ताणाच्या रेषांवर धातू फाटतो. पावसाळ्यात काडतुसे घोड्यांच्या पागांत ठेवली जात आणि तेथे घोड्यांच्या मूत्रातून अमोनिया भरपूर निघे. पुंगळ्यांना योग्य तापमानाला तापवून ताण घालवला की दोष बराच कमी होतो, हे त्यानंतर उत्पादनाच्या पद्धतीत रुळले. आजही धातुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ताणजन्य गंजाचे पहिले उदाहरण म्हणून भारतातल्या पावसाळ्यातील ही काडतुसेच शिकवली जातात. जुन्या साठ्यातले काडतूस दिसायला धडधाकट असले तरी ते विश्वासार्ह असेलच असे नाही, हा यातून निघणारा व्यावहारिक अर्थ कोकणासारख्या दमट प्रदेशातील परवानाधारकांना आजही तितकाच लागू पडतो. म्हणूनच उपलब्धता म्हणजे केवळ कपाटात काडतुसे असणे नसून ताज्या उत्पादनाचा अखंड पुरवठा असणे, असे मानावे लागते.

हा पुरवठा भारतात प्रामुख्याने महाराष्ट्रातून झाला. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. तेथे बनलेल्या .३१५ च्या पुंगळीच्या बुडावर ‘८ एमएम केएफ’ अशी इंग्रजी अक्षरे ठोकलेली असतात. त्यातली ‘केएफ’ ही अक्षरे खडकीच्या कारखान्याची खूण आहेत. उत्तर भारतातल्या गुन्ह्यांच्या खटल्यांत घटनास्थळी सापडलेल्या पुंगळ्यांचे वर्णन करताना ही अक्षरे वारंवार येतात, याचे कारण खेदजनक आहे. सरकारी कारखान्याचे .३१५ काडतूस परवानाधारकांच्या बाजारात सहज मिळत असल्याने, बेकायदा कारागीर गावठी कट्टाही त्याच मापाचा घडवू लागले. शस्त्र बनवणारा गुन्हेगार असो वा लंडनचा नामांकित कारागीर, आधी काडतूस कोणते मिळते ते पाहतो आणि मग नळी करतो. सैन्याचे काडतूस नागरिकांपासून दूर ठेवण्याच्या धोरणाचा हेतू समजण्यासारखा होता आणि तो बऱ्याच अंशी सफलही झाला. पण नागरी काडतुसाची वाट तितक्याच दक्षतेने राखली गेली नाही, ही त्या धोरणाची उणीव मानली पाहिजे.

स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९ चा. त्याखालील १९६२ च्या नियमांनी जुना विचार स्पष्ट शब्दांत मांडला: .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटर बोअरच्या, अथवा त्या मापाचे सैन्याचे काडतूस ज्यांत बसून उडू शकेल अशा बोल्ट पद्धतीच्या व अर्धस्वयंचलित रायफली ‘प्रतिबंधित बोअर’ समजल्या जातील. .४१० मस्केटही त्यातच आली, कारण पोलिसांसाठी केलेले तिचे काडतूस .३०३ च्या पुंगळीपासूनच घडवलेले होते. प्रतिबंधित बोअरचा परवाना जिल्हाधिकाऱ्याच्या अधिकारात नसून त्यासाठी केंद्र सरकारची मंजुरी लागते. सर्वसामान्य अर्जदार त्यामुळे आपोआप .३१५ कडे वळला. १९८० च्या दशकात परदेशी बंदुकांच्या आयातीवर कडक निर्बंध आले, तेव्हा निवडीचे वर्तुळ आणखी आक्रसले. पुढे .३०-०६ ची स्पोर्टिंग रायफलही सरकारी कारखान्याने बाजारात आणली. भारतीय सैन्याने ते काडतूस आपले प्रमाण काडतूस म्हणून कधी स्वीकारलेले नव्हते, त्यामुळे गोळीचा व्यास नाटोच्या ७.६२ एवढाच असूनही ती परवानाधारकाला मिळू शकते, तर अमेरिकेत तिच्याइतकेच लोकप्रिय असलेले .३०८ विंचेस्टर नाटोच्या काडतुसाचे नागरी रूप असल्याने भारतीयाला वर्ज्य राहते. कामगिरीत या दोघांमधला फरक शिकाऱ्याने किंवा नेमबाजाने मुद्दाम मोजावा इतकाच आहे.

मधल्या काळात खुद्द .३०३ चे दिवस संपले. १९६२ च्या चीन युद्धात भारतीय जवान याच काडतुसाच्या रायफलीने लढले. त्यानंतर नाटोचे ७.६२ गुणिले ५१ स्वीकारले गेले आणि इशापूरने काही काळ एनफील्डच्याच साच्यातली, पण नव्या काडतुसाची रायफल बनवली. पोलिसांकडे मात्र ‘थ्री नॉट थ्री’ कितीतरी दशके राहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर मोजक्या पोलिसांच्या हाती कलाश्निकोव्हसमोर जी जुनी शस्त्रे होती, त्यांत ही रायफल होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २०२० मध्ये निरोप दिला. कॅनडाच्या उत्तर भागात गस्त घालणारे रेंजर्स हिमप्रदेशात दीर्घकाळ हीच रायफल वापरत होते. सुटे भाग मिळणे कठीण झाल्यावर तेथेही .३०८ मापाच्या नव्या रायफली आल्या. तरीही ब्रिटिश राष्ट्रकुलात पसरलेल्या जुन्या एनफील्डांची संख्या इतकी प्रचंड आहे की सर्बिया आणि चेकिया येथील कारखाने .३०३ ची काडतुसे अजून नागरी बाजारासाठी बनवतात. काडतूस निवृत्त होण्याचा क्षण सैन्याने ते सोडल्याचा नसतो. शेवटचा कारखाना ते बनवणे थांबवतो तेव्हाच ते खऱ्या अर्थाने संपते.

ऑस्ट्रियाच्या मूळ ८ मिलिमीटरचे तेथे नेमके असेच झाले. १९३० च्या सुमारास ऑस्ट्रियाने त्या काडतुसाच्या आपल्या मॅनलिखर रायफली ८ गुणिले ५६ या अधिक ताकदीच्या काडतुसासाठी बदलून घेतल्या आणि जुने माप सैन्यातून गेले. त्या रायफली संग्रही असलेल्या पाश्चात्त्य हौशी नेमबाजांना न बदललेल्या मॅनलिखरसाठी काडतूस मिळवणे आज जिकिरीचे होते. उत्तर प्रदेशातल्या एखाद्या जिल्ह्याच्या गावी मात्र परवान्याच्या दुकानात त्याची विचारपूस रोजची असते.

भारतातल्या जुन्या संस्थानी आणि मळेवाल्या घराण्यांत याची उलट बाजू पाहायला मिळते. जिम कॉर्बेट यांना चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये जी रिग्बी रायफल भेट मिळाली, ती .२७५ बोअरची होती. हे इंग्रजी नावाखाली विकले गेलेले जर्मन मॉझरचे ७ गुणिले ५७ काडतूस असून युरोपात ते आजही सर्रास बनते. अशा उत्तम कारागिरीच्या .२७५, .३१८, .४०४, .३७५ मापांच्या रायफली वारसाहक्काने अनेकांकडे आलेल्या आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली हे योग्यच झाले. परंतु देशात न बनणाऱ्या मापाची रायफल, परवाना वैध असूनही, काडतुसाअभावी केवळ भिंतीवरची काठी होऊन बसते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, तेव्हा कोणते शस्त्र ठेवायचे आणि कोणते जमा करायचे या निर्णयात काडतूस मिळते की नाही हाच प्रश्न महत्त्वाचा होता.

सैन्याच्या बाबतीत हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहतो. ५.५६ गुणिले ४५ चे काडतूस हलके असल्याने जवान तेवढ्याच वजनात जास्त काडतुसे नेऊ शकतो. त्याची ऊर्जा सुमारे १,८०० ज्यूल, म्हणजे नाटोच्या ७.६२ च्या निम्म्याच्या जवळपास. भारताने इन्सास रायफलीबरोबर हे माप घेतले, काश्मीर आणि ईशान्येकडील मोहिमांसाठी ७.६२ गुणिले ३९ च्या कलाश्निकोव्ह वापरल्या, २०१९ मध्ये ७२,४०० सिग ७१६ रायफली ७.६२ गुणिले ५१ च्या मागवल्या आणि २०२१ च्या करारानुसार सहा लाखांहून अधिक एके-२०३ अमेठीजवळच्या कोरवा येथे बनवण्याचे ठरवले. तीन पुंगळ्या, तीन उत्पादन-रांगा आणि तीन साठे एकाच वेळी सांभाळण्याचा हा भार आहे. जळगाव जिल्ह्यातील वरणगावची आयुध निर्माणी १९६४ पासून यातला मोठा वाटा उचलते. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाचे विभाजन झाल्यावर खडकी आणि वरणगाव हे दोन्ही कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आले, तर इशापूरचा रायफल कारखाना दुसऱ्याच सरकारी कंपनीकडे गेला. नागरी ग्राहकाची रायफल एका कंपनीची आणि काडतूस दुसऱ्या कंपनीचे, अशी ही नवी रचना आहे.

२०२४ मध्ये कानपूर येथे खासगी क्षेत्रातील मोठा दारूगोळा कारखाना सुरू झाला. अशा कारखान्यांचे गणित सैन्य आणि पोलीस यांच्या मोठ्या मागणीवर उभे असते, त्यामुळे थोड्या संख्येने खपणारे .३१५ किंवा .३०-०६ त्यांच्या यंत्रांवर आपोआप चढेल अशी अपेक्षा करता येत नाही. परंतु येथे शासनाकडे एक साधन तयार आहे. शस्त्र परवान्यांच्या राष्ट्रीय माहितीकोशात प्रत्येक परवानाधारकाला स्वतंत्र ओळख क्रमांक दिलेला असून त्याच्या शस्त्राचा बोअर तेथे नोंदलेला असतो. कोणत्या राज्यात .३१५ च्या किती रायफली आहेत आणि त्यांना वर्षाला जास्तीत जास्त किती काडतुसे कायद्याने घेता येतील, हा हिशेब त्या नोंदींवरून मांडता येण्यासारखा आहे. तो खडकीच्या उत्पादनाशी आणि दुकानदारांच्या विक्रीच्या वह्यांशी जुळवला गेला, तर पीकरक्षणासाठी परवाना घेतलेल्या शेतकऱ्याला काडतूस वेळेवर मिळेल आणि कट्ट्याकडे वळणारी काडतुसे नेमकी कोणत्या दुकानातून गळतात तेही त्याच वहीत दिसेल.